चीज प्लॅटर मांडताना या चुका टाळा

पाहुणे आठला येणार म्हणून सातलाच चीजचा बोर्ड सजवायचा आणि फोटो काढून मोकळं व्हायचं, ही चूक घरोघरी होते. चीज तासभर आधी फ्रिजबाहेर काढा, हा सल्ला खरा आहे, पण तो 20 अंशांच्या खोलीसाठी. मे महिन्यात पुण्याच्या हॉलमध्ये 33 अंश असतात आणि डोक्यावर पंखा फुल्ल. दुधातली चरबी 30 अंशांच्या आसपास बरीचशी वितळलेली असते. त्यामुळे आठ वाजेपर्यंत चेडरला तेलाचा घाम फुटतो, ब्रीसारखं मऊ चीज ओघळत द्राक्षांपर्यंत पोचतं आणि पंख्याखालच्या गौडासारख्या कडक चीजच्या कडा वाळून काचेसारख्या होतात. हे बघून पुढच्या वेळी लोक उलट टोक गाठतात: फ्रिजमधून थेट टेबलावर. 4 अंशांवरच्या ब्रीला ना वास, ना चव. साबणाची वडीच ती.

उन्हाळ्यात कडक चीज अर्धा तास आणि मऊ चीज पंधरा-वीस मिनिटं आधी काढा, डिसेंबरात पाऊण ते एक तास. काढताना अख्खा तुकडा आणि तोही गुंडाळलेलाच ठेवा. वाढायचं ताट किंवा संगमरवरी पोळपाट आधी अर्धा तास फ्रिजमध्ये गार करा. निम्मं चीज मांडा, संपलं की उरलेलं आणा. फोटोत बोर्ड गच्च भरलेला दिसत नाही, पण फोटो खायचा नसतो. खोली 32 अंशांच्या वर असेल तर तासाभराहून जास्त वेळ बाहेर राहिलेलं मऊ चीज सरळ टाकून द्या.

दुसरी चूक कापण्याची. सकाळी सगळ्याचे एकसारखे चौकोनी तुकडे करून डब्यात भरले की संध्याकाळचं काम वाचतं खरं. पण जितक्या कडा उघड्या, तितकं चीज लवकर सुकतं. शिवाय प्रत्येक चीजचा आकार वेगळा. गोल ब्री केकसारखं मध्यातून कापा. त्रिकोणी तुकडा आणला असेल तर लांब बाजूला समांतर पातळ फोडी काढा, म्हणजे प्रत्येकाला मधला मऊ भाग आणि थोडी साल मिळते. टोक आडवं छाटणारा सगळा मऊ भाग नेतो आणि शेवटच्या पाहुण्याला नुसती साल उरते. ती पांढरी साल खायची असते, सोलून टाकू नका. गौडावरचं लाल किंवा पिवळं मेण मात्र काढा. पार्मेजान कापू नका, सुरीचं टोक खुपसून ढेकळं पाडा. ब्लू चीजला (निळ्या बुरशीचं, उग्र वासाचं) स्वतंत्र सुरी हवी, नाहीतर दहा मिनिटांत सगळ्याला त्याचाच वास.

प्रमाण: जेवणाआधी माणशी 30 ते 40 ग्रॅम. सहा जणांना तीन प्रकार मिळून पाव किलो पुरे. सात प्रकार आणणाऱ्याला एकाचीही चव आठवत नाही.

प्रोसेस्ड चीजचे क्यूब प्लॅटरवर नकोत. ते टोस्टसाठी ठीक आहेत.

मसाला बिस्किटं आणि खारी दोन्ही टाळा. मसाला चीजची चव मारतो, खारी हातातच चुरते. लादी पावाचे पातळ काप तव्यावर कोरडे भाजले तरी काम होतं. गोडाला जॅमपेक्षा गोव्याची पेराड उत्तम: पेरूची घट्ट वडी, पातळ कापून खारट, मुरलेल्या चीजबरोबर. अंजिराच्या हंगामात पुरंदरचे अंजीर ठेवा.

पाहुणे शाकाहारी असतील तर पाकिटावरचं हिरवं चिन्ह बघा. अस्सल पार्मेजान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) करतात. जैन पाहुणे असतील तर मध आणि अंजीर वेगळ्या वाटीत द्या. बरेच जण दोन्ही खात नाहीत.

उरलेलं कडक चीज प्लॅस्टिकमध्ये घट्ट आवळू नका, आत पाणी सुटून बुरशी धरते. बटर पेपरात गुंडाळून डब्यात ठेवा, ब्लू चीजचा डबा वेगळा.