व्हिएतनामचा ई-व्हिसा स्वतः कसा काढायचा आणि निघायच्या आधी काय काय बघायचं

मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं मिळायला लागल्यापासून आपल्याकडची बरीच मंडळी तिकडे निघालीत, पण त्यातले कितीतरी जण व्हिसासाठी एजंटला वरचे पैसे देतात आणि ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण हा व्हिसा घरी मोबाईलवर बसून काढता येतो. फी 25 डॉलर, एकदाच आत जायचं असेल तर. मध्येच कंबोडियाला अंगकोर वाट बघून परत व्हिएतनाममध्ये यायचं असेल तर मल्टिपल एन्ट्री घ्या, ती 50 डॉलरची. 15 ऑगस्ट 2023 पासून हा व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, म्हणजे आठ-दहा दिवसांच्या ट्रिपला पुरून उरतो.

सगळ्यात आधी साईट नीट बघा. सरकारी साईट ईव्हिसा डॉट जीओव्ही डॉट व्हीएन. गुगलवर शोधलं की वरती जाहिराती येतात, दिसायला अगदी सरकारी वाटतात, पण त्या खाजगी असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट व्हीएन नसेल तर लगेच बंद करा.

मग दोन फाईल तयार ठेवा. एक पासपोर्टच्या फोटोच्या पानाची (आईवडिलांची नावं असतात ते शेवटचं पान नाही), चारही कोपरे दिसले पाहिजेत, खालच्या दोन ओळी स्पष्ट वाचता आल्या पाहिजेत आणि फ्लॅशची चमक नको. दुसरा तुमचा चष्मा न लावलेला, पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो. पासपोर्ट निदान सहा महिने तरी व्हॅलिड हवा. लहान मुलांचा पासपोर्ट वेगळा असतो त्यामुळे त्यांचा अर्जही वेगळा आणि फीही वेगळी.

फॉर्ममध्ये खरी काळजी नावाची घ्यायची. आपल्याकडे बऱ्याच पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं एकत्र असतं, ते सगळं तसंच्या तसं भरायचं. मधलं नाव कशाला, म्हणून गाळू नका, आणि लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर आत्ता हातात असलेल्या पासपोर्टवर जे आहे तेच लिहा, आधारवर काय आहे ते इथे चालत नाही. विमानाचं तिकीटही त्याच नावाने काढा. पासपोर्ट नंबर भरून झाला की घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा, शून्य आणि ओ यांचा घोळ इथेच होतो.

तारखेचंही बघा. आपली बरीच विमानं रात्रीची असतात, त्यामुळे निघायची आणि पोचायची तारीख वेगळी पडते. व्हिसा ज्या तारखेपासून सुरू त्याच्या आधी आत सोडत नाहीत, नंतर मुदत संपायच्या आत कधीही गेलात तर चालतं, म्हणून सुरुवातीची तारीख एक दिवस आधीचीच टाकलेली बरी. कुठल्या विमानतळावर उतरणार तेही विचारतात, तुमच्या तिकिटावर आहे तोच निवडा. पत्ता पहिल्या हॉटेलचा दिला तरी पुरे.

पैसे भरायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डचं इंटरनॅशनल पेमेंट चालू करा. स्क्रीनवर रजिस्ट्रेशन कोड येतो त्याचा लगेच स्क्रीनशॉट काढा, कारण ईमेलची वाट बघत बसण्यापेक्षा तो कोड, ईमेल आणि जन्मतारीख टाकून साईटवरच स्टेटस बघता येतं. नियमाप्रमाणे तीन वर्किंग डे लागतात, पण शनिवार-रविवार आणि तिकडच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत, म्हणून निघायच्या दोन-तीन आठवडे आधी अर्ज करा. पीडीएफ आली की त्याच क्षणी नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख सगळं ताडून बघा. एक अक्षर चुकलं तरी विमानतळावर अडवू शकतात, आणि नवा अर्ज म्हणजे परत पूर्ण फी. दोन प्रिंट जवळ ठेवा, चेक-इनलाच मागतात.

आता कधी जायचं. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर हे मनापासून सांगतो, दा नांग, होई आन, ह्यू हा मधला पट्टा सोडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे पावसाचा कहर असतो, 2025 च्या ऑक्टोबरअखेर होई आनची जुनी वस्ती पाण्याखाली गेली होती. त्याच दिवसांत उत्तरेला हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग बे इथली हवा मस्त असते, तिकडे जा. होई आनजवळच्या 'मी सन' या गावची, तिकडच्या जुन्या चाम राजांनी बांधलेली शंकराची देवळं बघायची असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल चांगलं, फक्त तेत म्हणजे त्यांच्या नववर्षाचे दिवस टाळा, जानेवारीअखेर नाहीतर फेब्रुवारीत येतं, तेव्हा दुकानं बंद आणि गाड्या फुल.

शाकाहारी लोकांची सोय होते, फक्त माहिती पाहिजे. तिकडे फिश सॉस भाजीतही घालतात, त्यामुळे नुसतं नो मीट म्हणून भागत नाही. 'तोय आन चाय' म्हणा, म्हणजे मी शाकाहारी आहे, किंवा मोबाईलवर लिहून दाखवा, उच्चार चुकला तरी वाचून कळतं. पाटीवर चाय (Chay) लिहिलेली हॉटेलं बौद्ध शाकाहारी असतात. त्यांच्या पंचांगातल्या महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक शाकाहार पाळतात तेव्हा तर जास्तच मिळतं. तरी म्हाताऱ्या माणसांसाठी थेपले, भाकरवडी, मेतकूट न्याच.

पैशाचं म्हणाल तर स्वच्छ, न दुमडलेले डॉलर न्या आणि तिकडे त्यांचे डाँग (तिथलं चलन) करून घ्या. 20 हजारची आणि 5 लाखाची नोट दोन्ही निळसर दिसतात, पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा. फिरायला ग्रॅब हे टॅक्सी बोलवायचं ॲप, भाडं आधीच दिसतं. ई-सिगारेट अजिबात नेऊ नका, 2025 पासून तिकडे बंदी आहे.

आणि तरुण मुलामुलींसाठी, उत्तरेच्या डोंगरातल्या 'हा जियांग'ला बाईक चालवायची स्वप्नं घेऊन जाता, पण भारतात मिळणारं इंटरनॅशनल लायसन्स रस्ता वाहतुकीच्या 1949 च्या आंतरराष्ट्रीय करारातलं असतं आणि व्हिएतनाम 1968 च्या करारातलं मानतं. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले क्लेम नाकारू शकतात. तिथले स्थानिक चालक भाड्याने मिळतात, हेल्मेट घालून त्यांच्या मागे बसा, घाट तितकाच छान दिसतो.