घरच्या राउटरवरून अपलोड रेंगाळत असेल तर

मीटिंगमध्ये समोरच्याचं बोलणं तुम्हाला स्वच्छ ऐकू येतं, तुमचं बोलणं मात्र त्यांच्याकडे तुटक जातं. लग्नाचा व्हिडिओ परदेशातल्या बहिणीला पाठवायला लावला की तासभर पट्टी हलत नाही. त्याच वेळी टीव्हीवर सिनेमा न अडकता चालू असतो, म्हणून घरात सगळे म्हणतात की नेट तर ठीक आहे. सिनेमा डाउनलोडवर चालतो. तुमचा आवाज, तुमचा चेहरा, तुमच्या फाइली अपलोडवरून जातात, आणि त्या वाटेकडे सहसा कुणाचं लक्ष नसतं.

ही वाट तीन टप्प्यांची आहे: मोबाइल किंवा लॅपटॉपपासून राउटरपर्यंत, राउटरच्या आत, आणि राउटरपासून केबलवाल्याच्या फायबरवर. दोष कोणत्या टप्प्यात आहे हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलू नका, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे. आधीच चार ठिकाणी हात घातला, तर नंतर कशाने फरक पडला ते कळतच नाही.

पायरी १: मिळायला किती हवं?

प्लॅनचा कागद किंवा ॲप उघडून अपलोडचा आकडा शोधा. बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये अपलोड आणि डाउनलोड सारखंच असतं, पण ते गृहीत धरू नका. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं जुनं कनेक्शन असेल, तर एडीएसएल२+ तंत्रात डाउनलोड २४ एमबीपीएसपर्यंत (सेकंदाला मेगाबिट) जातं आणि अपलोड जेमतेम सव्वा-दीड. तिथे कितीही महाग राउटर आणला तरी फरक पडणार नाही. छतावर अँटेना लावून ५जीवर मिळणाऱ्या वायरलेस कनेक्शनमध्येही अपलोड डाउनलोडपेक्षा बरंच कमी असतं. महिन्याची डेटा मर्यादा संपली आहे का, तेही याच वेळी बघून घ्या.

आता हिशेब. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, फाइलचा मेगाबाइटमध्ये, आणि ८ बिटांचा एक बाइट. म्हणजे १ जीबीचा व्हिडिओ १० एमबीपीएस अपलोडवर साडेतेरा मिनिटं घेणारच. तोच २ एमबीपीएसवर तासाहून जास्त घेईल. कधी कधी बिघाड काहीच नसतो, फक्त प्लॅन लहान असतो.

पायरी २: वायर लावून मोजा

लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा, ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करा. घरातली बाकीची उपकरणं थोडा वेळ नेटवरून काढा. मग स्पीड टेस्ट करा, एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास. डाउनलोड, अपलोड आणि पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) हे तिन्ही आकडे वेळेसह लिहून ठेवा. त्यानंतर हीच चाचणी नेहमीच्या जागी बसून वायफायवर करा.

फायबरचा डबा (ओएनटी) आणि राउटर वेगवेगळे असतील, तर लॅपटॉप थेट ओएनटीला जोडूनही एकदा बघा. त्यासाठी लॅपटॉपवर पीपीपीओईचं (कनेक्शनला लॉगिन करण्याची पद्धत) युजरनेम आणि पासवर्ड टाकावा लागू शकतो; तो केबलवाल्याकडून मागून घ्या. दोन्ही एकाच डब्यात असतील तर ही चाचणी सोडून द्या.

वायरवर वेग पुरा आणि वायफायवर कमी असेल, तर पायरी ३. ओएनटीवर पुरा आणि राउटरमधून कमी असेल, तर पायरी ४. वायर लावूनही सगळीकडे कमीच असेल, तरी पायरी ४ चाळून मग पायरी ५ वर जा.

एक खूण लक्षात ठेवा. प्लॅन २०० चा आणि दोन्ही बाजूंचे आकडे ९०-९५ वर थांबत असतील, तर जोडणी १०० एमबीपीएसची झाली आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एक जरी तुटली तरी जोडणी १०० वर उतरते. केबल बदला. तरीही आकडा तिथेच राहिला, तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच १०० चा असावा.

पायरी ३: वायफाय

मोबाइलवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतात त्या राउटरचा सिग्नल मोबाइलपर्यंत किती येतो याच्या. उलट्या दिशेने, मोबाइलचा सिग्नल राउटरपर्यंत किती पोचतो, ते कुठेच दिसत नाही. मोबाइलचा ट्रान्समीटर राउटरपेक्षा सहसा कमी ताकदीचा असतो. त्यामुळे भिंतींमध्ये आधी अपलोड गळतं, डाउनलोड नंतर.

राउटर टीव्हीच्या मागून, लोखंडी कपाटावरून किंवा माळ्यावरून काढून घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला आणा. एकाच खोलीत असाल तर वायफायचा ५ गीगाहर्ट्झ बँड वापरा. २.४ गीगाहर्ट्झ भिंतीपलीकडे लांब पोचतं, पण सोसायटीत शेजारच्यांच्या वायफायची गर्दीही त्यातच असते. तिथे चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जो कमी गजबजलेला असेल तो निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. जो रिपीटर (सिग्नल पुढे ढकलणारा डबा) एकाच बँडवर ऐकतो आणि बोलतो, त्यात वेग निम्म्यावर येतो. लांबच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा दुसरा डबा) लावणं हाच टिकाऊ उपाय.

पायरी ४: राउटरच्या आत

सगळ्यात जास्त तक्रारी इथेच सुटतात. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, डब्याखालच्या चिठ्ठीवर असतो) आणि कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत ते बघा. क्लाउडवर चित्रण पाठवणारे सीसीटीव्ही कॅमेरे, फोटोंचा आपोआप बॅकअप घेणारे मोबाइल, टोरेंट उघडा राहिलेला कॉम्प्युटर, हे दिवसभर निमूटपणे अपलोड खात असतात. एकेक बंद करा आणि प्रत्येक वेळी मोजा.

अपलोड भरलं की आणखी एक त्रास सुरू होतो. राउटर जास्तीचा डेटा टाकून न देता रांगेत साठवत राहतो आणि रांग वाढत जाते. टोलनाक्यावर एकच खिडकी उघडी आणि पुढे पन्नास ट्रक असले, तर रुग्णवाहिकाही त्यांच्याच मागे अडकते. तुमच्या बोलण्याचं अगदी तेच होतं. याला बफरब्लोट म्हणतात. डाउनलोड झालेल्या डेटाची पोचही याच रांगेतून बाहेर जाते, म्हणून मोठं अपलोड चालू असताना साध्या वेबसाइटही उघडेनाशा होतात. तपासायला क्लाउडफ्लेअरची स्पीड टेस्ट चांगली: एरवीचा विलंब आणि अपलोड चालू असतानाचा विलंब ती वेगवेगळा दाखवते. पहिला २० मिलीसेकंद आणि दुसरा ४०० असेल तर दुखणं सापडलं.

उपाय राउटरच्या क्यूओएस किंवा एसक्यूएम सेटिंगमध्ये आहे, म्हणजे कोणता डेटा आधी जाईल आणि रांग किती वाढेल हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये. फक्त अमुक उपकरणाला प्राधान्य देणारं क्यूओएस अर्धवट काम करतं. एफक्यू-कोडेल किंवा केक ही रांग आटोक्यात ठेवणारी पद्धत मिळत असेल तर तीच निवडा. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर ती बसवता येते. अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा, म्हणजे ४० मिळत असतील तर ३४ ते ३६. थोडा वेग सोडून दिल्यासारखं वाटेल, पण रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि व्हिडिओ कॉल लगेच सुधारतो. घरून शिकवणाऱ्या शिक्षकांनी आणि घरून काम करणाऱ्यांनी इतर काही नाही तरी एवढं जरूर करावं.

उलटही घडतं. जुन्या प्लॅनच्या वेळी क्यूओएसमध्ये ३० ची मर्यादा टाकली, पुढे प्लॅन १०० चा झाला, तरी अपलोड बरोबर ३० वर अडतं. शिवाय स्वस्त राउटरमध्ये क्यूओएस चालू केल्यावर सगळं काम त्याच्या लहानशा प्रोसेसरवर येतं आणि मोठ्या प्लॅनचा वेग पडतो. म्हणून चालू आणि बंद, दोन्ही करून मोजा.

वेबसाइट उघडतात पण फाइल जोडताना सगळं गोठतं, असं असेल तर एमटीयू (डेटाच्या एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात तो आकडा) बघा. पीपीपीओई कनेक्शनला तो सहसा १४९२ लागतो. १५०० असेल तर बदला. फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. फॅक्टरी रीसेट मात्र शेवटी, आणि त्याआधी वॅन (बाहेरच्या कनेक्शनच्या) सेटिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवा, नाहीतर युजरनेम पुसलं जाऊन नेटच बंद पडेल.

पायरी ५: फायबर

ओएनटीवरचा एलओएस (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असेल तर थेट तक्रार करा. दिवे ठीक असतील तर ओएनटीच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे प्रकाशाची ताकद, बघा; ती डीबीएम या मापात असते. आत येणारा सिग्नल उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली गेला असेल, तर तो क्षीण आहे. सोफ्याखाली दबलेली किंवा खिळ्याला घट्ट गुंडाळलेली पिवळी वायर मोकळी करा. कनेक्टर उपसून टोकात डोकावू नका. लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

जीपीओएन फायबरमध्ये (एकाच लाइनवर अनेक घरं जोडणारं फायबर) डाउनलोड १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशावर येतं आणि अपलोड १३१० वर जातं, तेही तुमच्या ओएनटीतल्या लेझरने. तो लेझर थकला तर डाउनलोड उत्तम आणि अपलोड आजारी, असं होऊ शकतं. शिवाय अपलोडचा १.२४ जीबीपीएस वेग एका लाइनवरची ३२ किंवा ६४ घरं पाळीपाळीने वापरतात. एखाद्याचा बिघडलेला ओएनटी पाळी मोडून बोलू लागला, तर सगळ्यांचं अपलोड बिघडतं. म्हणून त्याच केबलवाल्याचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्यांना विचारा. त्यांचंही रेंगाळत असेल तर तुमच्या घरात शोधण्यासारखं काही नाही.

पायरी ६: तक्रार

‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगितलं, तर राउटर बंद-चालू करा असं उत्तर मिळतं. त्याऐवजी वायरवरचे आकडे, तारीख, वेळ, प्लॅनमधलं अपलोड आणि ऑप्टिकल पॉवर लिहून पाठवा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. सरकारच्या २०२३ च्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस डाउनलोड. अपलोडचा त्यात उल्लेख नाही. त्यामुळे प्लॅनमध्ये लिहिलेला आकडाच तुमचा आधार, त्याचा स्क्रीनशॉट जोडा. आणि तंत्रज्ञ घरी आला की तो निघण्यापूर्वी, त्याच्यासमोर, वायर लावून पुन्हा एकदा अपलोड मोजा.