शाळेचा संघ बालनाट्य स्पर्धेत कसा उतरवावा

स्नेहसंमेलनात दरवर्षी एखादे नाटुकले बसवणाऱ्या शाळा महाराष्ट्रात गावोगावी आहेत, पण त्यांतल्या फार थोड्या शाळा ते नाटक घेऊन एखाद्या स्पर्धेच्या रंगमंचापर्यंत जातात. मुले कमी पडतात असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा प्रवेशिका कधी निघतात, कोणते कागद लागतात आणि तालमी किती आधी सुरू कराव्यात, हेच शाळेत कोणाला ठाऊक नसते. नाट्यशिक्षक नसलेल्या साध्या शाळेलाही ही वाट चालता येते. मात्र कामाचा क्रम चुकता कामा नये.

सर्वप्रथम कोणत्या दारातून आत जायचे ते ठरवावे. महाराष्ट्र शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयातर्फे हौशी नाट्य स्पर्धा १९५४ पासून होत आली आहे, आणि त्याच छत्राखाली मुलांसाठी राज्य बालनाट्य स्पर्धा व दिव्यांग मुलांसाठी वेगळी दिव्यांग बालनाट्य स्पर्धाही घेतली जाते. प्राथमिक फेरी वेगवेगळ्या केंद्रांवर होते आणि तेथून निवडलेली नाटके अंतिम फेरीला जातात. याशिवाय शहरोशहरी स्थानिक संस्था आंतरशालेय एकांकिका स्पर्धा भरवतात. पहिल्या वर्षी अशा जवळच्या स्पर्धेने सुरुवात करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण प्रवासाचा खर्च वाचतो आणि मुलांना परक्या रंगमंचाची सवय होते. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाचा कला उत्सव २०१५ पासून सुरू आहे. तो शाळा, जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी वर चढतो, म्हणून त्याची चौकशी मुख्याध्यापकांनी शिक्षण विभागाच्या जिल्हा कार्यालयातच करावी. गोव्यातील शाळांनी पणजीच्या कला अकादमीच्या उपक्रमांवर लक्ष ठेवावे.

दार ठरले की त्या स्पर्धेचे नियमपत्रक मिळवून ते दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे वाचावे. वयोमर्यादा, नाटकाची किमान व कमाल वेळ, कलाकारांची संख्या, अनामत रक्कम आणि मोठ्या माणसांनी रंगमंचावर यावे की नाही, या पाच गोष्टी पेन्सिलीने अधोरेखित कराव्यात. वेळेचा नियम तर अगदी काट्यावर पाळावा लागतो. चांगले रंगलेले नाटक निव्वळ वेळ ओलांडल्यामुळे गुण गमावते, तेव्हा मुलांना ते समजावणे फार जड जाते.

यानंतरचे काम संहितेचे, आणि सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. बहुतेक शाळा आधी मुले निवडतात आणि मग नाटक शोधतात; खरे तर वर्गात उपलब्ध असलेली मुले डोळ्यांसमोर ठेवून संहिता निवडणे योग्य. मराठीत बालनाट्याची परंपरा समृद्ध आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’ ही संस्था उभी करून मुलांचे नाटक गांभीर्याने करायचे असते हे दाखवून दिले, रत्नाकर मतकरी यांनी मुलांसाठी भरपूर लिहिले आणि बसवले, तर १९८०च्या दशकात मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स नाट्यगृहाची पद्धत पुण्यात रुजली. त्या पद्धतीत राजा-राणी आणि चेटकिणी बाजूला ठेवून मुलांच्या रोजच्या अडचणी, म्हणजे घरातली भांडणे, मोठ्यांचा दुजाभाव, शाळेतली दादागिरी, रंगमंचावर येतात. आपल्या शाळेला परीकथा झेपेल की असा रोजच्या जगण्यातला विषय, हे मुलांबरोबर दोन-तीन संहितांचे मोठ्याने वाचन करून ठरवावे. ज्या वाचनात मुले मध्येच हसतात किंवा ‘पुढे काय?’ असे विचारतात, ती संहिता घ्यावी. मुलांच्या तोंडी पोक्त उपदेश घालणाऱ्या संहिता मात्र कितीही बक्षिसे मिळवलेल्या असल्या तरी टाळाव्यात. दहा वर्षांची मुलगी पर्यावरणावर भाषण करू लागली की प्रेक्षागृहात पहिली जांभई तिच्या आजीलाच येते.

संहितेसोबत परवानगीचा प्रश्न येतो, आणि त्याविषयी शाळांमध्ये बराच गैरसमज आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५२ नुसार शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून शिक्षक व विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रयोगाला सूट मिळते, परंतु ती सूट प्रेक्षक म्हणून शाळेतले लोक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि त्या उपक्रमाशी संबंधित व्यक्तीच असतील तेव्हाची आहे. संमेलनातला प्रयोग या चौकटीत बसतो, म्हणून खुल्या स्पर्धेतला प्रयोगही आपोआप बसेल असे धरून चालू नये. आयोजकही लेखकाचे संमतिपत्र प्रवेशिकेसोबतच मागतात. लेखकाच्या हयातीत आणि त्यांच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हक्क कायम राहतात. त्यामुळे लेखक दिवंगत असल्यास वारसांना किंवा प्रकाशकाला पत्र लिहावे आणि उत्तराची प्रत जपून ठेवावी. पत्रात प्रयोगांची संख्या, ठिकाण आणि आपण संहितेत काटछाट करणार असलो तर तीही स्पष्ट लिहावी. शिक्षकांनी स्वतः नाटक लिहिले असेल, तर नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते का, हे नियमपत्रकात पाहून अर्ज लगेच करावा, कारण हा कागद शेवटच्या आठवड्यात हाती येत नाही.

भूमिकावाटप करताना वक्तृत्व स्पर्धेत नंबर काढणारी मुलेच नेहमी पुढे येतात. त्यांना घ्यावे, पण सगळ्या मोठ्या भूमिका त्यांना देऊ नयेत. पाठांतर पक्के असलेला मुलगा समोरच्याचे वाक्य ऐकतच नाही, असे बरेचदा दिसते. निवडीसाठी संवाद पाठ करून घेण्याऐवजी दोन-दोन मुलांना एक छोटा प्रसंग द्यावा, उदाहरणार्थ एस.टी.च्या खिडकीजवळच्या जागेवरून झालेला वाद, आणि कोण कोणाचे ऐकून उत्तर देतो ते पाहावे. प्रत्येक महत्त्वाच्या भूमिकेसाठी एक बदली कलाकार पहिल्या दिवसापासून तालमीत बसवावा. गोवर, कांजिण्या, मामाच्या घरचे लग्न ही कारणे दरवर्षी येतात, त्यांत नवल काही नाही.

तालमींसाठी साधारण दोन महिने हाताशी असावेत, आठवड्यातून चार दिवस, शाळा सुटल्यावर दीड तास. पहिले दहा-बारा दिवस केवळ बैठे वाचन करावे आणि उच्चारांकडे लक्ष द्यावे. मराठी वाक्यात क्रियापद आणि नकार शेवटी येतो, आणि मुले नेमके शेवटचेच अक्षर गिळतात. ‘मी तुझ्याबरोबर येणार नाही’ या वाक्यातला ‘नाही’ मागच्या रांगेपर्यंत पोहोचला नाही, तर पुढचा अख्खा प्रवेश प्रेक्षकांना उलटा समजतो. यावर सोपा उपाय असा की तालमीच्या वेळी एका मुलाला सभागृहाच्या अगदी टोकाला उभे करावे आणि शब्द ऐकू आला नाही की त्याने फक्त हात वर करावा. ओरडून बोलू नये, शब्द पूर्ण बोलावा, हे मुलांना त्या वर गेलेल्या हातावरून दोन दिवसांत कळते. शिक्षकांनी शंभरदा ‘मोठ्याने बोला’ म्हटल्याने कळत नाही.

त्यानंतर हालचाली बसवाव्यात. ज्या नाट्यगृहात प्रयोग होणार आहे, तेथील रंगमंचाची लांबी-रुंदी आणि विंगांची, म्हणजे दोन्ही बाजूंच्या आडोशांची, जागा आधीच विचारून घ्यावी, आणि शाळेच्या फरशीवर खडूने तेवढाच चौकोन आखून त्यातच तालीम करावी. वर्गखोलीत बसवलेले नाटक मोठ्या रंगमंचावर गेले की मुले मध्यभागी एकमेकांना चिकटून उभी राहतात आणि विंगेतून एंट्री घ्यायला दुप्पट पावले लागतात, हे त्या चौकोनामुळे टळते. सुमारे तीन आठवडे उरले की संहिता हातातून काढून घ्यावी, आणि विसरलेले वाक्य विंगेतून सुचवणारा प्रॉम्प्टर ठेवायचा की नाही ते त्याच वेळी ठरवावे.

नेपथ्याबाबत हात आखडताच ठेवावा. स्पर्धेत एका नाटकानंतर दुसरे उभे राहायचे असते, त्यामुळे मांडायला आणि आवरायला मोजकीच मिनिटे मिळतात. दोन लेव्हल (लाकडी चौथरे), एक बाक आणि रंगवलेला एखादा फळा यांत पुष्कळ जागा सुचवता येतात. राजवाडाच दाखवायचा असेल तर कमान मुलांनी हात जोडून करावी. प्रकाशयोजनेची यादी कागदावर प्रवेशवार लिहून न्यावी, कारण तेथील तंत्रज्ञाला आपले नाटक माहीत नसते. पार्श्वसंगीत पेन ड्राइव्हवर आणि मोबाइलवर, अशा दोन्ही ठिकाणी ठेवावे. रंगभूषेसाठी अनुभवी रंगभूषाकार परवडत नसेल तर साध्या फाउंडेशन-काजळावर थांबावे. जाड रंग लावलेली आणि घामाने ओघळलेली मिशी मुलांचे लक्ष विचलित करते.

रंगीत तालमी किमान दोन घ्याव्यात, संपूर्ण पोशाखात आणि घड्याळ लावून, पैकी दुसरी पालकांसमोर. प्रयोगाच्या दिवशी मुलांना भरपेट जेवू घालू नये, पोहे-केळी पुरतात. तिसरी घंटा होईपर्यंत त्यांना विंगेत गोळा करून ‘चुकू नका’ असे बजावत राहू नये. परीक्षकांनी नंतर सूचना केल्या तर त्या लिहून घ्याव्यात, आणि निकाल अनुकूल नसेल तरी वाद घालण्याच्या फंदात पडू नये. त्याऐवजी शक्य असल्यास बाकीची सगळी नाटके मुलांसह पाहावीत. इतर शाळांनी तेवढ्याच वेळात काय केले हे पाहून मुले जितकी शिकतात तितकी तालमीत शिकत नाहीत.

स्पर्धेनंतर दोन गोष्टी पालकांना सांगणे आवश्यक आहे. एखाद्या मुलाला नाट्य, संगीत किंवा नृत्याची खरोखर ओढ दिसली, तर दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची, म्हणजेच सीसीआरटीची, शिष्यवृत्ती १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी असते. तिचा अर्ज वेळेत करावा. दुसरी गोष्ट सावधगिरीची आहे. स्पर्धेत चमकलेल्या मुलांच्या पालकांना मालिका व जाहिरातींसाठी फोन येऊ लागतात. बालकामगार कायद्याच्या २०१७च्या नियमांनुसार अशा कामासाठी निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि मिळकतीतील किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे मुदत ठेवीत जमा करावी लागते. नोंदणीच्या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्याला सरळ नकार द्यावा.

महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत कलांमधील प्रावीण्यासाठी वाढीव गुणांची तरतूद आहे, आणि तिचे प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातात. त्यामुळे प्रमाणपत्र मुलाच्या हाती देण्यापूर्वी त्यावरचे नाव, स्पर्धेचे वर्ष आणि फेरी तपासून त्याची प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी. नावातली वेलांटी चुकली असेल तर ती आयोजकांकडून त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावी.