कालवांची शेती: माळ टांगताना या चुका टाळा

कालवाला (ऑयस्टर, खाडीत वाढणारा कवचधारी जीव) खत नको, खाद्यही नको. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, गाळून ते जगतं. घाणही तशीच गाळून घेतं. म्हणून इथलं नुकसान बहुतेक जागा किंवा वेळ चुकल्यानेच होतं.

सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) १९७०च्या दशकात तुतिकोरिनला विकसित केलेलं तंत्र नव्वदीत केरळच्या अष्टमुडी सरोवरात रुजलं. तिथलं वेळापत्रक कोकणातल्या खाडीत जसंच्या तसं वापरू नका.

मीटरभर दोरीला ५-६ रिकामे शिंपले, मध्ये १५ ते २० सेंमी अंतर, अशी माळ बांबूच्या मांडवाला टांगतात. घाई नडते ती इथे. कालवाच्या अळ्या दोनेक आठवडे पाण्यात तरंगतात आणि मगच चिकटतात. त्याआधीच माळा सोडल्या, तर शिंपल्यांवर गाळ धरतो, बार्नॅकल (खडकाला चिकटणारे छोटे कवचधारी जीव) जागा अडवतात आणि बीज, म्हणजे चिकटणारी पिल्लं, बसायला जागाच उरत नाही. दर आठवड्याला दोन-तीन चाचणी माळा सोडा. टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसले की बाकीच्या टांगा. खालचा शिंपला मात्र तळाला टेकू देऊ नका. गाळात रुततो, खेकड्यांच्याही हाती लागतो.

क्षारता फक्त भरतीला मोजणारे फसतात. आकडा ओहोटीचाही हवा, कारण नदीचं गोडं पाणी तेव्हाच जोर धरतं. वाढीला २२ ते ३५ पीपीटी (हजार भागांत इतके भाग मीठ) चांगली. पहिल्या मोठ्या पावसानंतर ती कोसळते, कालव कवच मिटून बसतं आणि फार दिवस तसंच राहिलं तर मरतं. त्यामुळे काढणी मेअखेर उरकायला हवी. त्याआधी दहा कालवं फोडून बघा. मांस पांढरं, भरलेलं हवं. पाणचट, आरपार दिसणारं असेल तर अंडी सोडून झाली आहेत. तेव्हा काढलीत तर वजन हाती लागत नाही.

विकण्याआधी गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात २४ तास ठेवा. बारा तासांनी टाकी रिकामी करून जोरदार फवाऱ्याने धुवा, पुन्हा भरा. याने जिवाणू कमी होतात. विषाणू, जड धातू आणि शेवाळाचं विष मात्र याने जाईल असा भरवसा ठेवू नका; सांडपाण्याच्या तोंडाशी शेतीच नको.

पुढे बीज हॅचरीतून (बीज तयार करणाऱ्या केंद्रातून) येऊ लागेल, तेव्हा पाण्याचा सामूही (पीएच) बघावा लागेल. २००७ नंतर अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावरच्या हॅचरीत सामू घसरलेल्या पाण्याने अळ्यांची कवचंच बनेनात. मग तिथे पाणी सकाळऐवजी दुपारी, वनस्पतींनी कार्बन डायऑक्साइड शोषल्यावर, घेऊ लागले आणि त्यात सोडियम कार्बोनेट मिसळू लागले.