सुरू होते आणि मिनिटभरात बंद पडते: जुन्या गाडीचा दोष कसा शोधावा

जुनी गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते म्हटलं, की जो तो एकच सांगतो: "कचरा आलाय, कार्ब्युरेटर खोला." या सल्ल्यापायी मी एकच कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) तीनदा खोलला आणि दोष त्यात नव्हताच. खरा पुरावा बंद पडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात मिळतो, आणि आपण नेमका तोच पुन्हा पुन्हा सेल्फ मारून घालवतो.

पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडतोडणारा छोटा स्विच) आणि कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी, बॅटरी ठीक आणि टाकीत पेट्रोल आहे, एवढं धरून चालतो.

१. कशी बंद पडते ते ऐका. दिवा घालवावा तशी एका क्षणात गेली, तर संशय करंटवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या विजेवर. आचके देत, दम सुटत गेली, तर पेट्रोलवर. काळा धूर सोडत घुसमटली, तर चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी झडप) उघडत नाहीये.

२. किल्ली सोडताक्षणीच बंद पडते का? मग बॅलास्ट रेझिस्टर बघा, म्हणजे कॉइलकडे (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) जाणारा करंट कमी करणारा रोध. ज्या गाड्यांत तो असतो, त्यांत सेल्फ मारताना कॉइलला थेट करंट मिळतो आणि किल्ली सोडली की रेझिस्टरमधून. तो तुटला असेल तर गाडी पेटते आणि लगेच मरते. मीटरवर साधारण दीड ओहम दिसायला हवेत.

३. करंट तपासा. टायमिंग लाइटचा (प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) चिमटा कॉइलच्या जाड वायरला लावा आणि गाडी बंद पडेपर्यंत बघत राहा. इंजिन फिरतंय तोवरच लाइट थांबला, तर पॉइंट (फट बहुतेक गाड्यांत ०.४ मिमीच्या आसपास), कंडेन्सर, कॉइल याच क्रमाने बघा. शेवटच्या फेरीपर्यंत लाइट चमकत राहिला, तर करंटचा नाद सोडा.

४. पेट्रोल कुठे अडतंय ते शोधा. माझे महिने इथे गेले.

कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या टाकीत, थोडंसं पेट्रोल कायम साठलेलं असतं. त्यावर गाडी झकास सुरू होते, चेंबर रिकामा झाला की मरते. म्हणून बंद पडताक्षणी, सेल्फला हात न लावता, एअर क्लीनर काढा आणि थ्रॉटल हाताने ओढून कार्ब्युरेटरच्या घशात बघा. ॲक्सिलरेटर पंपाची (थ्रॉटल ओढला की घशात पेट्रोल मारणारा कार्ब्युरेटरमधला छोटा पंप) धार आली तर चेंबरमध्ये पेट्रोल आहे. कोरडं असेल तर मागून येतच नाहीये. एसयू जातीच्या कार्ब्युरेटरला हा पंप सहसा नसतो. तिथे चेंबरचं झाकण उघडूनच बघावं लागतं. घशात पेट्रोल ओतून गाडी पेटवण्याचा उद्योग मात्र करू नका. बॅकफायर झाला की ज्वाळा तोंडावर येते.

आता टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. गाडी चालत राहिली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय आणि तुम्ही थोडक्यात सुटलात.

नाही सुटलात, तर रस्ता अर्धा अर्धा कापा. कार्ब्युरेटरपेक्षा थोडी उंच, पण गरम इंजिनापासून लांब, घट्ट टांगलेली छोटी टाकी घ्या आणि तिची नळी थेट कार्ब्युरेटरला जोडा. टाकीतून पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरला देणाऱ्या मुख्य पंपाची सुटलेली नळी इंजिनापासून लांब ठेवलेल्या बाटलीत सोडा. इंजिन फिरलं की पंप पेट्रोल फेकणारच. हे सगळं उघड्यावर आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच. तरीही मरत असेल, तर आता खुशाल कार्ब्युरेटर खोला. फ्लोटची सुई आणि आतली जाळी बघा. नीट चालली, तर कार्ब्युरेटर निर्दोष. मग त्याची नळी पुन्हा पंपाला लावा आणि छोटी टाकी पंपाच्या मागे, म्हणजे आत येणाऱ्या बाजूला जोडा. इथे मेली तर पंप, चालली तर दोष पंप आणि मूळ टाकीच्या मध्ये.

माझा दोष तिथेच होता: टाकीपाशी, पत्र्याच्या पाइपाला जोडणारा वीतभर रबरी होज. मी तो किती वेळा हात फिरवून पाहिला होता! कोरडा, थेंब नाही, म्हणून पास. पण पंप या बाजूला पेट्रोल ओढतो, त्यामुळे तडा गेलेला होज बाहेर गळत नाही, आत हवा घेतो. कधी वरून धडधाकट दिसणाऱ्या होजचं आतलं अस्तर सुटून ओढीबरोबर चिकटतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला हेच करतं. दिसण्यावर जाऊ नका. वय माहीत नसलेला प्रत्येक होज बदला, इथेनॉल चालणाराच घ्या, क्लिपा नव्या लावा.

होज बदलूनही तेच झालं, तर टाकीतला गंज. पापुद्रे ओढीने पाइपाच्या तोंडाशी जमतात, इंजिन थांबलं की खाली बसतात. म्हणूनच दहा मिनिटांनी गाडी काहीच न झाल्यासारखी सुरू होते. टाकी उतरवून साफ करा. नुसता फिल्टर बदलून हे जात नाही.

शेवटी झाकण घट्ट लावून वीस मिनिटं सलग चालवा. घराच्या दारात आयडलवर नाही, चढावर, इंजिन पेट्रोल मागेल तिथे.