चेहऱ्यावरच्या तेलाशी भांडताना या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून आता २१ वर्षं झाली. समोरच्या पोराने सकाळपासून तोंड कितीदा धुतलंय, हे मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं. गालांची सालं निघालेली, कपाळ मात्र चकचकीत. आणि मागणी ठरलेली: "काका, एखादा कडक फेसवॉश द्या ना."

तेल धुऊन संपतं, ही पहिली गैरसमजूत. तेल येतं केसाच्या मुळाशी चिकटलेल्या तैलग्रंथींतून. चेहऱ्यावर आणि डोक्यावर त्या एका चौरस सेंटीमीटरला ४०० ते ९०० असतात, तळहाता-तळपायांवर एकही नाही. ग्रंथीतल्या पेशी तेलाने भरतात, फुटतात आणि तो सगळा ऐवज केसाच्या वाटेने वर येतो. किती तेल बनवायचं हे ठरवतात शरीरातली अँड्रोजेन संप्रेरकं. म्हणून तर आठव्या वर्षी कोरडं असलेलं नाक पंधराव्या वर्षी समईसारखं चमकतं. साबण त्या ग्रंथीपर्यंत पोचतच नाही. तो वरचं तेल नेतो आणि जाता जाता त्वचेतलं पाणी धरून ठेवणारा थरही खरवडतो. त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, ७च्या खाली आम्ल) ५च्या आसपास, अंगाच्या साध्या साबणाचा ९ ते १०. दिवसातून पाचदा धुतलं की चेहरा चरचरतो, लाल होतो, आणि दुपारी तेल आहे तिथेच. मग "सूट झाला नाही" म्हणत त्याहून कडक काहीतरी मागायला येतात.

मी सकाळी एकदा आणि दुकान बंद करून घरी गेल्यावर एकदा धुतो. सौम्य फेसवॉश, नुसती बोटं, घासणी नाही. मधे चमकलं तर रुमालाने टिपतो. वर हलकं मॉइश्चरायझर लावतो. हो, तेलकट चेहऱ्यालाही ते लागतं.

दुसरी चूक म्हणजे 'ती ट्यूब'. हिच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यात माझाही हात आहे.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा होता. त्याच्या मावशीला वांगासाठी डॉक्टरांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन एकत्र असलेली क्रीम लिहून दिली होती. याने ती मुरमांवर लावली. आठ दिवसांत मुरमं बसली, रंगही उजळला. मैदानावरच्या चार मित्रांनाही सांगून झालं. पहिल्या दोन ट्यूब मावशीच्या जुन्या चिठ्ठीवर माझ्याच दुकानातून गेल्या, मी काही विचारलं नाही. चार महिन्यांनी तो आला तेव्हा गालांवर लाल शिरांची जाळी होती आणि सगळीकडे एकसारख्या बारीक पुळ्या. उन्हात धावताना चेहरा भाजतो म्हणाला. ट्यूब थांबवली की दुसऱ्या दिवशी सगळं उसळायचं, म्हणून बिचारा परत लावायचा. त्वचेच्या डॉक्टरांकडे सात महिने काढले तेव्हा कुठे ती सुटली.

यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड, ते सूज दाबतं, म्हणून लाली जाते आणि बरं वाटतं. पण त्वचा पातळ होत जाते आणि तिला त्याची सवय लागते. २०१८ साली सरकारने अशा बऱ्याच स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी पोरं खोक्याचा फोटो दाखवून मागतातच. ट्यूब उलटी करून वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल यांपैकी काही दिसलं तर ती मुरमांसाठी नाही. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर मी आता काहीच देत नाही, शिव्या खातो.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

ब्लॅकहेड म्हणजे मळ नव्हे. त्वचेच्या छिद्राच्या उघड्या तोंडाशी अडकलेलं तेल आणि मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) हवेने काळं पडतं. खरवडून फक्त जखम होते.

लिंबू आणि खायचा सोडा. एक भलतं आम्लधर्मी, दुसरा उलट्या टोकाचा. लिंबू लावून उन्हात गेलात तर डाग कित्येक महिने सोबत करू शकतो. टूथपेस्ट दातांना.

कोंड्यावर तेल चोपडणं. आजीचा मान राखून सांगतो, मॅलॅसेझिया नावाची बुरशी डोक्यावरच्या तेलावरच जगते, तुम्ही तिला जेवू घालताय. तेच तेल ओघळलं की कपाळावर पुळ्या येतात. मी आठवड्यातून दोनदा कीटोकोनाझोलचा (बुरशी मारणारा) शाम्पू पाच मिनिटं ठेवून धुतो.

मुरमांवर लावायचं बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं पुरतं. जास्त टक्क्यांनी मुख्यतः आग वाढते. कपड्यांचा रंगही उडतो. आमचे दोन अभ्रे गेले आणि घरात महिनाभर त्याचा हिशोब चालू होता.

ओठांवरचे बारीक पिवळट ठिपके दाखवून तरुण मुलं घाबरून कुजबुजतात. त्याही बहुतेक वेळा तैलग्रंथीच असतात, केसाविना उगवलेल्या. घरी जा.

राहता राहिलं ॲडापलीन, मुरमांवरचंच औषध. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर वाटाण्याएवढं, कोरड्या चेहऱ्यावर, रात्री. एका पुळीवर टिकली लावल्यासारखं नाही, सगळीकडे पातळ. सुरुवातीला एक रात्र आड. गरोदरपणात नको. पहिले काही आठवडे त्वचा सुकते, मुरमं वाढल्यासारखीही वाटतात. फरक दिसायला १२ आठवडे लागतात, हे मी पिशवीवर पेनाने लिहून देतो. तरी दहाव्या दिवशी कुणीतरी येतो आणि अर्धी ट्यूब परत घेता का विचारतो. घेत नाही.