‘कधीपासून?’ : एआरटी केंद्रात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातील एका एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरील औषधोपचार मिळतात त्या केंद्रात, औषधनिर्माण अधिकारी म्हणून मी रुजू झाले, तेव्हा औषधांच्या मात्रा आणि दुष्परिणामांचा तक्ता मला तोंडपाठ होता. पहिल्याच आठवड्यात खिडकीपलीकडून एका रुग्णाने सांगितले, “मॅडम, अंग लई खाजतंय,” आणि माझी पंचाईत झाली. कारण खाज एचआयव्हीमुळेही येते, एचआयव्हीवरील नेविरापिन या औषधामुळेही येते आणि संसर्ग टाळण्यासाठी दिलेल्या कोट्रायमॉक्सॅझोलमुळेही येते. यांतले कोणते कारण हे ठरवायला सर्वांत अधिक उपयोगी पडतो तो एकच प्रश्न, ‘कधीपासून?’, हे मला एका ज्येष्ठ डॉक्टरांनी शिकवले आणि नव्याने येणाऱ्यांना मीही आधी तेच सांगते.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर तारखेत मिळत नाही. “जोतिबाची जत्रा झाल्यापास्नं”, “कारखाना सुरू झाला तवापास्नं” असे उत्तर येते. म्हणून खिडकीशेजारी पंचांगाची दिनदर्शिका टांगलेली असावी आणि यात्रा, बेंदूर, गाळप हंगाम यांच्या तारखा रुग्णासमोरच लावून घ्याव्यात. हे विचारताना आवाज मात्र रांगेतल्या पुढच्या माणसापर्यंत जाता कामा नये. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली आहे, आणि कायदा नसता तरी गावाकडचा माणूस मागे उभा असण्याची धास्ती रुग्णाला असतेच.

मी आले तेव्हा झिडोव्हुडिन आणि नेविरापिन या एचआयव्हीवरील औषधांचे दिवस होते. नेविरापिनचे पुरळ बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत उठे, म्हणूनच पहिले चौदा दिवस ते दिवसातून एकदाच देत. पुरळासोबत ताप आला, तोंडात फोड आले किंवा डोळे लाल झाले, तर रुग्णाला खिडकीवर न थांबवता थेट डॉक्टरांकडे न्यायचे, हा नियम आजही कोणत्याही औषधाच्या पुरळाला लागू आहे. झिडोव्हुडिनने रक्त कमी होई. जोतिबाच्या डोंगरावर यंदा दम लागला आणि वय झाले, असे म्हणणाऱ्या एका काकांची पापणी खाली ओढून पाहिली, तर आतला भाग कागदासारखा पांढरा होता. गोळ्या बदलून झिडोव्हुडिन सुरू झाल्याला तीन महिनेच झाले होते. काही जुन्या रुग्णांचे बसलेले गाल आणि तळपायांची आग पाहिली, की ते पूर्वी स्टॅव्हुडिन या एचआयव्हीवरील जुन्या औषधावर असणार हे ओळखता येते. तो परिणाम काही वर्षांत दिसतो आणि बसलेले गाल सहसा भरून येत नाहीत.

सर्वांत अवघड प्रसंग असतो तो रुग्ण सुधारू लागतो तेव्हाचा. सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्ती टिकवणाऱ्या पांढऱ्या पेशी) फार कमी झालेल्या रुग्णाला एआरटी सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मानेला गाठ येते किंवा ताप चढतो आणि ‘गोळ्यांनीच आजार वाढवला’ असे म्हणून घरचे लोक औषध बंद करतात. प्रत्यक्षात सावरू लागलेल्या प्रतिकारशक्तीने बहुधा आत दडलेला क्षय ओळखून त्याच्यावर हल्ला चढवलेला असतो. याला दवाखान्यात ‘आयरिस’ म्हणतात आणि तो बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत दिसतो. म्हणूनच क्षय आढळला असेल, तर क्षयाचे औषध आधी आणि एआरटी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांच्या आत सुरू करतात. क्षय मेंदूच्या आवरणाचा असेल तर मात्र चार ते आठ आठवडे थांबतात. गोळ्या देतानाच ‘गाठ आली तर घाबरून बंद करू नका, इकडे या’ असे सांगितलेले असले, तर रुग्ण परत येतो.

क्षयाच्या औषधांचे आपले वेगळे वेळापत्रक असते. रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाने लघवी लालसर होते, हे पहिल्या दिवशी सांगितले नाही तर दुसऱ्या दिवशी डबा कोपऱ्यात पडतो. हेच औषध डोल्युटेग्राविरचे, म्हणजे आजच्या एआरटीतल्या मुख्य औषधाचे, रक्तातील प्रमाण घटवते. त्यामुळे रोजच्या गोळीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी द्यावी लागते, आणि रिफाम्पिसिन थांबल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवावी लागते. कावीळ होण्याची भीती पहिल्या दोन महिन्यांत जास्त असते, आणि डोळे पिवळे होण्याआधी बहुधा जेवण नकोसे होते, मळमळते.

माझी स्वतःची चूकही ‘कधी’ या शब्दाशीच निगडित आहे. एक बाळंतीण दर महिन्याला वेळेवर येई आणि तिच्या बाटलीतील गोळ्या मी मोजून कार्डावर समाधानाने ‘पूर्ण’ लिही. विषाणूभार (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) मात्र १,००० च्या वर गेला. गोळी कशासोबत घेता, असे मी तेव्हा प्रथमच विचारले. “लोहाची, कॅल्शियमची आणि ही, पहाटे एकदमच गिळून मोकळी होते,” ती म्हणाली. उपाशीपोटी लोह किंवा कॅल्शियमसोबत घेतलेले डोल्युटेग्राविर शरीरात नीट शोषले जात नाही. एकत्र घ्यायचेच तर जेवणासोबत, नाही तर डोल्युटेग्राविर त्या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. अॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेल्या आम्लपित्ताच्या गोळ्यांबाबतही अंतर पाळावे लागते, आणि तिथे जेवणाची सवलत नाही. तीन महिन्यांनी तिचा अहवाल चांगला आला, पण मधल्या काळात बाळ तिच्या अंगावर पीत होते, हे मी विसरू शकत नाही.



एआरटीतल्या टेनोफोविर या औषधाचा मूत्रपिंडावरील परिणाम काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसतो. डोल्युटेग्राविर सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजतात तो घटक) किंचित वाढून स्थिर होते, ते मूत्रपिंड बिघडल्याचे लक्षण नव्हे; पुढे ते चढतच राहिले, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवावे. डोल्युटेग्राविर घेणारा मधुमेही रुग्ण मेटफॉर्मिन ही साखरेची गोळीही घेत असल्यास त्याची मात्रा दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, याकडेही लक्ष ठेवावे.

ऊसतोडीचा हंगाम संपला की बीडकडचे रुग्ण आपली पुस्तिका घेऊन परत जातात आणि पुढचा महिना दुसऱ्याच खिडकीवर उजाडतो. त्यामुळे कार्डावर ‘दोन महिन्यांपासून खाज’ असे लिहू नये. खाज कोणत्या तारखेला सुरू झाली आणि त्याआधी कोणती गोळी कोणत्या तारखेला बदलली होती, या दोन्ही नोंदी एकाखाली एक लिहाव्यात.